विहीणबाईंचा दुसरा तारा

आमच्या विहीणबाईंइतकी खरं बोलणारी बाई मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर शोधून सापडायची नाही, आणि म्हणूनच त्यांच्याकडे जेवायला जायचं ठरलं की काय बोलायचं याची मी आदल्या दिवसापासून तालीम करतो. विहीणबाई म्हणजे माझ्या मुलाच्या सासूबाई. दिवेआगरच्या अलीकडे, रस्ता समुद्राकडे वळतो तिथं त्यांची छोटी सुपारीची वाडी आणि वाडीत घर आहे. त्यांनी सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात केली. भावाभावांच्या भांडणात, बांधावर, काट्याकुट्यांत मोजणीचं टेबल मांडून हद्द दाखवायची आणि दोन्ही भावांच्या शिव्या खाऊन घरी यायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे जे डोळ्यांनी दिसलं नाही ते आहे म्हणायचं नाही, आणि जे दिसलं ते नाही म्हणायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडांत मुरली आहे. माझ्या बायकोनं पहिल्या दिवाळीला हौसेनं बेसनाचे लाडू पाठवले आणि फोन करून विचारलं, "कसे झालेत?" पलीकडून उत्तर आलं, "दोन चांगले होते, ताई. तिसरा कच्चा लागला. चौथा अजून खाल्ला नाही." बायकोनं फोन ठेवला आणि चौथ्या लाडवाचा निकाल येईपर्यंत घरात मला चहा मिळाला नाही.

गावात त्यांना अजूनही मोजणीच्या बाई म्हणतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या रस्त्यानं चालल्या की लोक आपापल्या कुंपणाकडे एकदा बघून घेतात. शेजारच्या एकानं वास्तूवाल्याला बोलावून स्वयंपाकघराची दिशा बदलून घेतली आणि कौतुकानं यांना दाखवायला नेलं. यांनी दारात उभं राहून इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उत्तर तिथं नाहीये. जरा अलीकडे आहे. तुमचा फ्रिज आता वायव्येला आला." त्या माणसानं भिंत पुन्हा पाडली असं म्हणतात. मी स्वतः सगळी हयात सरकारी नोकरीत 'काम प्रगतिपथावर आहे' असं लिहून काढलेला माणूस. अशा बाईंशी आपली सोयरीक जुळेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

ती जुळली एका ताऱ्यामुळे. हा तारा दक्षिणेच्या आकाशात आहे. आपल्याकडून तो उन्हाळ्याच्या संध्याकाळी काही आठवडे नीट दिसतो, तोही क्षितिजापासून फार वर चढत नाही. त्रिशंकूच्या उजव्या हाताला नौका म्हणून तारे आहेत, त्या नौकेच्या शिडात तो कुठंतरी आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्याला नाव नाही, कुठल्याशा यादीतला लांबलचक क्रमांक आहे, आणि तो विहीणबाई आपल्या मुलीच्या वाढदिवसासारखा सांगतात. तारा म्हातारा होऊन फुगून तांबडा झालाय. अशा ताऱ्याला राक्षसी तारा म्हणतात, हे कळल्यावर माझी बायको म्हणाली, "तिन्हीसांजेचं राक्षस बघायला कशाला जायचं?" पण खरी गोम पुढेच आहे. हा तारा एकटा नाही, जोडतारा आहे. त्याच्या अगदी अंगाला लागून दुसरा एक निळसर, बारीकसा तारा आहे. निदान पुस्तकं तसं म्हणतात. ज्या दिवशी विहीणबाईंनी दुर्बीण आणली त्या दिवसापासून त्या ह्या दुसऱ्या ताऱ्याच्या मागे होत्या, आणि तो त्यांना दिसत नव्हता.

मुलगी बघायला म्हणून आम्ही त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाला मुलीशी बोलायला म्हणून बाहेर पाठवतील अशी आमची अपेक्षा होती. बाईंनी त्याला बाहेर पाठवला खरा, पण दुर्बिणीपाशी. दुर्बिणीला त्या 'यंत्र' म्हणतात. अंगणाच्या दक्षिण टोकाला यंत्र उभं होतं, त्याच्यावर गोधडी होती आणि शेजारी स्टुलावर केस वाळवायचं मशीन होतं. समुद्राच्या दमट हवेनं काच धुरकटते, तिला वारा घालायला ते आणलेलं. बाईंचे स्वतःचे केस त्या मशीननं कधी वाळल्याचं कुणाला आठवत नाही. "बघा," त्या मुलाला म्हणाल्या, "आणि किती तारे दिसतात ते सांगा." माझा मुलगा बराच वेळ डोळा लावून उभा राहिला. मी मागून खाकरून खाकरून त्याला दोनाची खूण करत होतो, कारण जोडतारा म्हटल्यावर उत्तर काय असणार हे मला कळलं होतं. शेवटी तो म्हणाला, "मला एकच दिसतो. तोही हलतोय." बाईंनी माझ्याकडे वळून म्हटलं, "मुलगा पसंत आहे." मग मला कळलं, की याआधी आलेल्या सगळ्या स्थळांनी, त्यांच्या आईबापांनी आणि मामालोकांनी झटकन दोन तारे पाहिले होते, आणि बाईंनी प्रत्येकाला शांतपणे विचारलं होतं, "दुसरा कुठल्या अंगाला दिसतो?" त्याचं उत्तर कुणाचंच दुसऱ्याशी जुळलं नव्हतं.

आमच्यात लग्नाला मुहूर्त नसतो. बुद्धवंदना होते, वधूवर प्रतिज्ञा घेतात, हार घालतात. वेळ सगळ्यांच्या सोयीनं ठरवायची. पण उभ्या बौद्धवाडीत ताऱ्याची वेळ बघून लग्नाचा दिवस काढलेला असा हा एकच विवाह असावा. दिवस मे महिन्यातला, अंधाऱ्या पंधरवड्यातला ठरला. चांदण्या रात्री यंत्राला काम नसतं, म्हणून त्या आठवड्यांत बाई इतर सगळी कामं उरकून घेतात. वैशाखी पौर्णिमेला विहारात सगळ्यांत आधी जाऊन बसतात आणि सगळ्यांत शेवटी उठतात. लोक त्यांच्या श्रद्धेचं कौतुक करतात. त्या लगेच सांगतात, "श्रद्धा आहेच, पण आज नाहीतरी चंद्र आहे."

लग्न दुपारी लागलं आणि संध्याकाळी वाडीतल्या मोकळ्या जागेत जेवणं सुरू झाली. मटण आणि वडे होते. दिव्यांच्या माळा लावल्या होत्या आणि माझे थोरले भाऊ, ज्यांच्या मानपानाची आमच्या घराण्याला तीन पिढ्यांची काळजी आहे, ते पहिल्या पंगतीत मध्यभागी बसले होते. त्यांनी वडा रश्शात बुडवला आणि सगळीकडे काळोख झाला.

"लाइट गेली," भाऊ म्हणाले. "जनरेटर कुठाय?"

"लाइट गेली नाही, दादा," अंधारातून विहीणबाईंचा आवाज आला. "मी घालवली. हवा आज धुतल्यासारखी आहे, अशी परत मिळायची नाही. जेवत राहा. फक्त उठू नका, वाट दिसायची नाही."

"वरपक्षाला अंधारात जेवायला घालतात का कुठं?"

"नाही घालत. तुमचं बरोबर आहे. रागवा तुम्ही, पण जरा हळू रागवा. जमीन हादरली की यंत्र हलतं."

भाऊ इतके थक्क झाले की त्यांना रागवायचं सुचलंच नाही. पंगतीत कुणीतरी फसकन हसलं. मग हळूहळू सगळ्यांच्या माना वर गेल्या, आणि नव्यानं लावलेल्या बुटक्या सुपाऱ्यांच्या वर एवढ्या चांदण्या आहेत हे निम्म्या वऱ्हाडाला तेव्हा प्रथमच कळलं. नवरानवरी आधी जाऊन बघून आली. मग आणखी लोक रांगेत लागले. शेवटी पाहतो तर भाऊसुद्धा रश्शाचा हात वर धरून रांगेत उभे. त्यांनी डोळा लावला आणि भारदस्त आवाजात जाहीर केलं, "दोन आहेत."

"दुसरा कुठल्या अंगाला?"

"उजव्या."

"तिथं काही नाही, दादा."

"मग डाव्या."

"तिथंही नाही. पण पहिला तुम्हाला दिसला, हे कमी नाही. कित्येकांना तोही दिसत नाही."

यातलं शेवटचं वाक्य भाऊंनी बरोबर नेलं. पुढं पेणपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना ते सांगत सुटले, की राक्षसी तारा मी स्वतः पाहिलाय, तुमच्यासारख्यांना दिसायचा नाही. मानपानाचा विषय निघालाच नाही.

दुसरा तारा का दिसत नाही याची कारणं बाईंकडे पुष्कळ होती. आधी त्यांनी यंत्राच्या आरशाला दोष दिला. तो काढून, धुऊन, परत बसवला. मग समुद्राच्या हवेला दिला. मग पलीकडच्या होमस्टेच्या मालकाला. त्यानं पाहुण्यांसाठी खांबावर मोठा दिवा लावला होता. त्याला त्यांनी आधी विनंती केली, मग आमसुलं नेऊन दिली आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुमचा खांब नेमका कुणाच्या हद्दीत आहे हे मला बघायला लावू नका." त्याच संध्याकाळी दिवा विझला, आणि पाहुण्यांना आता तिथं 'अंधाराचा अनुभव' म्हणून जास्त भाडं पडतं. एकदा तर त्यांनी आमच्या व्याह्यांच्या श्वासाला दोष दिला. व्याही म्हणजे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला, उंच, सावळा, क्वचित बोलणारा माणूस. रोज संध्याकाळी ते दुर्बिणीचा स्टँड खांद्यावर घेऊन बाहेर आणतात आणि काम झालं की परत नेतात. ते जवळ उभे राहिले की काचेवर वाफ धरते असं बाईंचं म्हणणं पडलं. तेव्हापासून ते तोंड फिरवून उभे राहू लागले आणि थोड्या थोड्या वेळानं विचारू लागले, "दिसला का?" बाई म्हणायच्या, "नाही." हे इतकी वर्षं चाललं, पण त्या 'नाही'मध्ये कधी कुरकुर ऐकू आली नाही, आणि विचारण्यातही कधी थट्टा नव्हती.

गेल्या एप्रिलमध्ये जयंतीला आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. बौद्धवाडीतल्या पोरांनी सगळा रस्ता निळ्या झेंड्यांनी भरून टाकला होता. विहीणबाई पांढरी साडी नेसून पुढे उभ्या होत्या, व्यवस्था बघत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि कमिटीतल्या एकाला हाक मारून म्हणाल्या, "अरे, झेंडे विटलेत सगळे. राखाडी पडलेत. वर्गणी काढता, मग नवे का आणत नाही?"

तो बिचारा गोंधळला. त्यानं आमच्याकडे बघितलं. झेंडे कालच आणलेले होते, त्यांच्यावरच्या घड्यांच्या रेघासुद्धा गेल्या नव्हत्या. निळा रंग इतका कडक होता की उन्हात डोळ्यांत भरत होता. मोजणीच्या बाईंना चुकलं म्हणायची कुणालाच सवय नव्हती.

मग आमचे व्याही पुढे आले आणि हळूच म्हणाले, "अगं, झेंडे नवेच हायेत."

बाईंनी पुन्हा वर बघितलं. मग माझ्या बायकोकडे वळून विचारलं, "ताई, तुमच्या साडीचा रंग कोणता?"

"निळा," माझी बायको म्हणाली.

"मला वाटलं राखाडी," बाई म्हणाल्या. मिरवणूक होईपर्यंत त्या नेहमीसारख्या वावरल्या. पण जेवताना त्यांनी भात नुसताच कालवला. ताट उचलताना त्या कुणाकडे न बघता म्हणाल्या, "मी आरसा धुतला. लोकांचे दिवे घालवले. नवऱ्याला तोंड फिरवून उभं केलं. यंत्रात काही दोष नव्हता. मोजणाराच आंधळा निघाला." त्यांचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता. माझी बायको, जिला लाडवाचं दुःख अजून पुरतं विसरता आलेलं नव्हतं, ती उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "मोतीबिंदू असेल हो. माझ्या आईला होता. अर्ध्या तासाचं काम." बाई म्हणाल्या, "अर्ध्या तासाचं आहे हे तुम्ही घड्याळ लावून बघितलंय का?" तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

मोतीबिंदूच होता, दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पिकलेला. ज्या डोळ्यानं त्या दुर्बिणीतून बघायच्या, तो आधी करायचं ठरलं. माणगावच्या दवाखान्यात आम्ही बरोबर गेलो. डॉक्टर तरुण आणि हसतमुख होता. त्यानं समजावून सांगितलं, की आत जी नवी काच बसवायची ती लांबचं स्वच्छ दिसणारी बसवता येते किंवा जवळचं. "तुम्हाला काय जास्त बघायचं असतं?"

"लांबचं."

"म्हणजे साधारण रस्त्यापलीकडचं?"

"त्याच्या जरा पलीकडे," बाई म्हणाल्या.

त्यांना आत नेल्यावर व्याही आणि मी बाकावर बसलो. व्याह्यांचे हात सारखे गुडघ्यांवर फिरत होते, जणू बस रिव्हर्स घ्यायची आहे आणि मागं कुणी शिट्टी मारणारं नाही. मग ते आपण होऊन बोलायला लागले. मी त्यांना इतकं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"लोकांना वाटतं हिला ताऱ्याचं खूळ लागलं," ते म्हणाले. "तसं न्हाय. वादळात आमची वाडी झोपली, तुम्ही फोटो बघितलं असतील. नोकरीचा पैसा घालून उभी केलेली. एका दुपारात सगळी आडवी. त्यानंतर मी बोलायचाच बंद झालो. लाइट न्हाय, काय न्हाय. संध्याकाळचा नुसता तिकडं तोंड करून बसायचो, जिथं झाडं व्हती तिथं. ही सांगून दमली. मग एक दिवस ती दुर्बीण घेऊन आली. म्हणली, समोर एवढं आभाळ मोकळं झालंय, ते तरी बघू. आन म्हणली, स्टँड जड हाय, मला उचलत न्हाय, तुम्ही धरा." ते जरा थांबले. "आता हिनं आख्खी हयात डोंगरात मोजणीचं टेबल वाहिलं. हिला स्टँड उचलंना व्हय? मला कळत व्हतं. पन धरला."

माझ्या नोकरीतला कुठलाही शेरा तिथं बसण्यासारखा नव्हता.

पट्टी निघाली, पण डॉक्टरनं वाकायला, ओझं उचलायला, धुळीत जायला बंदी केली होती, आणि दुर्बिणीला डोळा लावायचा नाही हे त्याला वेगळं सांगावं लागलं. बाईंनी ते दिवस घरातल्या रंगांची तपासणी करण्यात घालवले. फोनवर रोज बातमी यायची. पाण्याची बादली निळी निघाली. मुलीच्या लग्नातला शालू आपण समजत होतो त्या रंगाचा नव्हताच, जांभळा होता. मधल्या काळात मे उतरणीला लागला. वळवाचे ढग संध्याकाळी समुद्रावर जमू लागले, आणि तारा दिवसेंदिवस पश्चिमेकडे कलत चालला. अंधार पडल्यावर तो थोडाच वेळ हाती लागायचा. अजून आठवडाभर असंच गेलं असतं तर वर्ष फुकट जाणार होतं. बाईंनी स्वतः यायला सांगितलं नाही. ऑपरेशनपासून आईकडे राहिलेल्या सुनेनं फोन केला, "बाबा, आईला डॉक्टरांनी परवानगी दिलीय. पण रोज ढग येतात आणि ती रोज अंगणात जाऊन बसते. तुम्ही या ना."

आम्ही गेलो त्या दिवशीसुद्धा पाच वाजेपर्यंत आभाळ भरलेलं होतं. मग वारा सुटला आणि सूर्य बुडता बुडता दक्षिणेकडचा भाग मोकळा झाला. अंधार पडताच व्याह्यांनी स्टँड आणून ठेवला आणि नेहमीप्रमाणे तोंड फिरवून उभे राहिले. "आता फिरवू नका," बाई म्हणाल्या. "इकडेच बघा." त्यांनी केस वाळवायच्या मशीननं काचेला वारा घातला, कुठून कुठं जायचं ते तारे एकेक करून पकडले आणि डोळा लावला. आम्ही ओसरीवर बसून होतो. कुणी चहालासुद्धा उठलं नाही. बाई हलत नव्हत्या. नंतर त्यांनी डोळा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"दिसला का?" व्याह्यांनी विचारलं.

बाईंनी यंत्र केसभर सरकवलं. मग म्हणाल्या, "आहे. तांबड्याच्या खालच्या अंगाला, अगदी चिकटून. निळा आहे हो. पोरांच्या झेंड्यांसारखा." आणि त्या तिथंच अंगणातल्या रेतीवर बसल्या. रडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. एखादं मोठं भांडण मिटवून, टेबल आवरून माणूस बसतं तशा बसल्या होत्या.

सून गेली, बघून आली, म्हणाली, "एक दिसतो आई, दुसरा कदाचित." माझ्या बायकोला एक दिसला. मला एक दिसला, आणि मी तसं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. शेवटी व्याही गेले. त्यांना यंत्रापर्यंत वाकायला वेळ लागला. बराच वेळ बघून ते सरळ झाले.

"मला तर तांबडा बी नीट दिसत न्हाय," ते म्हणाले. "सगळं धुकं धुकं."

"मग तुमचेही डोळे दाखवून घेऊ," बाई म्हणाल्या. "पावसाळा संपला की."

"तवा कुठं हा असंल? गेलेला असंल."

"असू दे गेलेला. पुढच्या वर्षी येतोच की."

त्यांनी हात पुढे केला आणि व्याह्यांनी त्यांना धरून उठवलं. मग दोघांनी मिळून यंत्रावर गोधडी घातली. ढग परत येत होते.

आमच्या वयाला पुढच्या वर्षाबद्दल कुणी असं बोलत नाही. सगळे म्हणतात, बघू, जमलं तर, तब्येतीनं साथ दिली तर. आणि खरं बोलण्याची जिला एवढी खोड, त्या बाईंनी हे वाक्य इतकं सहज म्हटलं होतं, की मला ते खरं धरून चालावंसं वाटलं. निघताना त्यांनी बायकोला आमसुलं दिली, आणि मागच्या वर्षीपेक्षा ही जरा कमी आंबट आहेत हेही सांगितलं. गाडी श्रीवर्धनच्या फाट्यापर्यंत आली तरी माझी बायको आमसुलांची पुडी मांडीवरच धरून बसली होती. मग काचेतून बाहेर बघत म्हणाली, "पुढच्या मे महिन्यात आपण जरा आधीच येऊन राहू या इकडे."

मी हो म्हणालो.